अब्बांची वही आणि माझं पहिलं कार्ड

माझ्या बरोबरीच्या मुलामुलींना मी दहा मिनिटांत क्रेडिट कार्ड घेताना पाहिलंय. मॉलच्या दारात टेबल मांडलेलं असतं, टाय लावलेला एक मुलगा "मॅडम, लाइफटाइम फ्री आहे" म्हणतो, आधार-पॅनचे फोटो निघतात, चार ठिकाणी सह्या होतात आणि आठवड्याभरात कार्ड घरी येतं. मला माझं पहिलं कार्ड घ्यायला पाच महिने लागले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी करत होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या येण्या-देण्याचा हिशेब लावायचा आणि स्वतःच्या एका कार्डासाठी पाच महिने अडून बसायचं. ऑफिसातल्या मैत्रिणी हसायच्या. त्यांना मिरजेतली लाल वही ठाऊक नव्हती.

मिरजेत आमच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे. एक मशीन, एक काज-बटणवाला मुलगा आणि लाल कापडी बांधणीची उधारीची वही. ईद आणि लग्नसराई जवळ आली की वही भरत जाते. नाव, कपडा, शिलाई, जमा, बाकी. पैसे आले की अब्बा त्या ओळीवर पट्टी ठेवून आडवी रेघ मारतात. जुनी गिऱ्हाइकं पैसे देऊनही उठत नाहीत, "मास्तर, आधी रेघ मारा" म्हणतात. अब्बा स्वतःही अस्तर, बक्रम, दोऱ्याची रिळं सांगलीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतात आणि महिन्याच्या महिन्याला चुकती करतात. त्यामुळे अब्बांना उधारीचं वावडं होतं असं नाही. त्यांना भीती होती ती सहीची.

2009 साली त्यांनी एका दोस्तासाठी पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली. दोस्ताला मालवाहू रिक्षा घ्यायची होती. पतसंस्थेतल्या माणसाने कागद पुढे केले, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या आणि अब्बांनी सह्या केल्या. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, समोरच्यानेही सांगितलं नाही. दोस्त दीड वर्षाने गाव सोडून गेला. नोटीस आमच्या दारात आली. पुढची तीन वर्षं मशीन रात्री अकरापर्यंत चालत राहिलं ते दुसऱ्याच्या रिक्षासाठी. आपाला डी.एड.ला जायचं होतं. तिचं वर्ष आधी पुढे ढकललं, मग तो विषय घरात कुणी काढेनासं झालं. मी तेव्हा शाळेत होते. मला एवढंच कळत होतं की अब्बांनी कुठेतरी नाव लिहिलं आणि त्यामुळे आपा घरी बसली. त्या दिवसापासून अब्बा कुरिअरवाल्याकडेही सही करताना चष्मा लावतात.

अशा घरात वाढलेल्या मुलीला कार्डाची गरज का वाटावी? 2022 च्या उन्हाळ्यात अम्मी आठ दिवसांसाठी माझ्याकडे पुण्याला आली होती. एका रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन करावं लागणार होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर अनामत सांगितली चाळीस हजार. महिन्याची सत्तावीस तारीख. माझ्या खात्यात अकरा हजार होते, अब्बांनी मिरजेहून शेजाऱ्याच्या फोनवरून दहा पाठवले. उरलेल्या एकोणीस हजारांसाठी माझ्या रूममेटने पर्समधून कार्ड काढलं आणि मशीनवर टेकवलं. एक शब्द बोलली नाही. पगार झाल्यावर मी तिला पैसे दिले, तिने बिल वेळेत भरलं, एक रुपयाही व्याज लागलं नाही. पण त्या रात्री काउंटरसमोर उभं राहून जी लाज वाटली ती विसरले नाही. तेव्हाच मी ठरवलं, कार्ड घ्यायचं.

पहिला अर्ज मी घाईत केला. ऑनलाइन, एका मोठ्या बँकेकडे, कारण त्या कार्डावर सिनेमाची तिकिटं फुकट होती. अर्ज नाकारला गेला. कारण दिलं की क्रेडिटचा इतिहास नाही. मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. आमच्या घराने कुणाचं बुडवलं नव्हतं, उलट दुसऱ्याचं फेडलं होतं. पण सिबिलच्या दप्तरात घराणं दिसत नाही, फक्त तुमचं स्वतःचं घेतलेलं आणि फेडलेलं दिसतं. तिथला स्कोअर तीनशे ते नऊशेच्या मध्ये असतो. डेबिट कार्ड कितीही वापरा, त्यात भर पडत नाही, कारण तो तुमचाच पैसा असतो. शिवाय असा प्रत्येक अर्ज चौकशी म्हणून तिथे नोंदला जातो. म्हणून "मिळेल तिथे मिळेल" म्हणत पाच बँकांकडे अर्ज टाकणं हे शहाणपण नाही.

मग मी बसून वाचायला लागले. अकाउंट्समध्ये काम करूनही मला जे धड माहीत नव्हतं ते असं. समजा तुमचं बिल दर महिन्याच्या बारा तारखेला निघतं आणि भरायला वीस दिवस मिळतात. तेरा ऑगस्टला केलेली खरेदी बारा सप्टेंबरच्या बिलात येते आणि दोन ऑक्टोबरला भरायची असते. म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी. तीच खरेदी अकरा ऑगस्टला केली तर मुदत एक सप्टेंबरपर्यंतच, एकवीस दिवस. जाहिरातीत लिहिलेले "पन्नास दिवसांपर्यंत" यातलं "पर्यंत" महत्त्वाचं. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर सहसा एकही दिवस बिनव्याजी मिळत नाही, काढल्या दिवसापासून व्याज लागतं, वर फी वेगळी.

खरी मेख आहे "किमान देय रक्कम" या ओळीत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कार्डावर चाळीस हजारांचा फोन घेतला होता. बिलात लिहिलं होतं, किमान देय दोन हजार. त्याला वाटलं बँक किती समजूतदार आहे! तो दर महिन्याला दोन हजार भरत राहिला. एक दिवस त्याने मला विचारलं, बाकी कमी का होत नाही? आम्ही डब्याच्या सुट्टीत गणित मांडलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे चौदाशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, दोनशे बावन्न. झाले सोळाशे बावन्न. दोन हजारांतून मुद्दल फिटलं ते तीनशे अठ्ठेचाळीस रुपये. शिवाय मागची बाकी राहिली की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्याने डबा अर्धा टाकला. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. हा आकडा वर्षाचा म्हणून सांगितला असता तर त्याने कार्ड हातात घेतलं नसतं.

इथे माझ्यापुरता आणखी एक प्रश्न होता. व्याज घेणं-देणं आमच्यात हराम आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी एका आलिमसाहेबांना फोन करून विचारलं. त्यांनी समजावलं की यात दोन मतं आहेत. काही म्हणतात, मुदतीत पूर्ण रक्कम भरली आणि व्याजाची वेळच येऊ दिली नाही तर वापरायला हरकत नाही. काही म्हणतात, उशीर झाला तर व्याज देईन या अटीवर सही करणंच चुकीचं. "तुझी नियत आणि तुझी सवय, दोन्ही तपासून बघ," ते म्हणाले. मी पहिलं मत घेतलं. जे दुसरं मत घेतात त्यांच्याशी माझा वाद नाही. फोन ठेवताना त्यांनी आठवण करून दिली की कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीबद्दलच आहे, घेणं-देणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी. मला ते नमाज-रोज्याइतकं कुणी समजावलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं, अब्बा तर रोज तेच करत होते. ते फसले ते फक्त एकदाच, दुसऱ्याने लिहिलेलं न वाचता सही केली तेव्हा.

शेवटी मी जे कार्ड निवडलं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. सिनेमा नाही, विमानतळावरचा लाउंज नाही. मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. अम्मीच्या आजारपणानंतर मी महिन्याला सहा-सहा हजार बाजूला टाकत तीस हजार जमवले होते, ते बँकेत ठेवले. माझ्या बँकेने त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे सत्तावीस हजारांची मर्यादा दिली. उत्पन्नाचे जुने कागद नकोत, इतिहास नको. मी बिल भरलं नाही तर बँक ठेवीतून वसूल करणार. ठेवीवर जे व्याज येतं ते सवाबाची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकते.

फॉर्मवर सही करण्याआधी अब्बांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी विचारलं, "कार्ड बोले तो उधारीच ना?"

"हो अब्बा, उधारीच."

"जामीन कौन?"

मी म्हटलं, कुणीच नाही. माझी ठेव माझी जामीन. बुडलं तर माझंच बुडेल, दुसऱ्या कुणाच्या दारात नोटीस जाणार नाही.

पलीकडे मशीनचा आवाज थांबला होता. जरा वेळाने ते म्हणाले, "फिर ठीक है. पढ के सही कर." तेरा वर्षांत त्या पतसंस्थेबद्दल अब्बा माझ्याशी एवढंच बोलले.

मी वाचलं. अठरा पानं, बारीक अक्षरात. बिलाची तारीख पगाराशी जुळत नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ती एकदा तरी बदलून मागता येते, म्हणून मागून घेतली. न मागता कार्ड माथी मारता येत नाही आणि बाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलं तर कामाच्या सात दिवसांत बंद करावं लागतं, हेही तिथेच कळलं. यातलं काही मला मॉलच्या टेबलावर कुणी सांगितलं नसतं.

एवढं करूनही पहिल्याच महिन्यात चुकले. बिल आलं तीन हजार एकशे चाळीस. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय मी लावली होती, म्हणून निर्धास्त होते. भरायच्या दिवशी संध्याकाळी अब्बांचा सहज फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "रेघ मारली का?" मी ॲप उघडून बघितलं. फक्त दोनशे रुपये कटले होते. अर्ज भरताना "पूर्ण रक्कम"ऐवजी "किमान देय" या चौकोनावर खूण राहून गेली होती. माझीच खूण, माझीच सही. उरलेले दोन हजार नऊशे चाळीस त्याच क्षणी भरले. तास-दोन तास निघून गेले असते तर ज्या व्याजापासून पाच महिने लांब पळत होते, ते पहिल्याच बिलात चिकटलं असतं.

त्यानंतर मी एक छोटी वही घेतली. कार्ड वापरलं की त्याच दिवशी रक्कम लिहायची आणि खात्यातले तेवढे पैसे संपले असं धरून चालायचं. बिल भरलं की पट्टी ठेवून रेघ. मर्यादा सत्तावीस हजार असली तरी आठ हजारांच्या वर जायचं नाही. वर्षभराने बँकेने ठेवीशिवायचं कार्ड देऊ केलं, मर्यादा दीड लाख. मी नको म्हटलं. महिन्याला आठ हजार खर्चणाऱ्या मुलीला दीड लाखाचं काय करायचं?

परवा आपाच्या मुलाचा फोन आला. आत्ताच एकोणीसचा झालाय, अर्धवेळ नोकरी लागलीय. "खाला, कोणतं कार्ड चांगलं?" मी त्याला बँकेचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, महिन्याच्या पंचवीस तारखेला तुझ्या खात्यात किती उरतात ते सलग तीन महिने लिहून मला पाठव, मग बोलू. तो वैतागला. आपा मागून हसत होती, मला ऐकू आलं. मग तिने त्याला सांगितलं, "नानांच्या कपाटात कोऱ्या वह्या आहेत, एक घे."