फाटकापलीकडची गावे

माझ्या स्टेशनात कोळशाची मालगाडी लूप लाइनवर घेत होतो. पावसाळ्यातली रात्र, दीड वाजून गेला होता. निम्मीअधिक गाडी आत आली आणि वॉकीटॉकीवर लोको पायलट म्हणाला, "मास्तर, प्रेशर पडलं. गाडी उभी राहिली." पॉइंट्समन बॅटरी घेऊन धावला. थोड्या वेळाने त्याने कळवले की मधल्या एका वाघिणीची मागची ट्रॉली रुळावरून उतरली आहे आणि चार चाके गिट्टीत रुतली आहेत. वाघीण सरळ उभी होती, कोळसा सांडला नव्हता, माणसे सुखरूप होती.

पुढची कामे हातांना पाठ असतात. सिग्नल लाल ठेवले, कंट्रोलला आणि दोन्हीकडच्या स्टेशनांना कळवले. गार्डने शेजारच्या लाइनीवर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन इशाऱ्याचे फटाके लावले. (गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ही त्याआधीची गोष्ट.) अपघात मदत गाडी निघाल्याचा निरोप आला. रेल्वेच्या लेखी घटना किरकोळ होती.

पण अशी भरलेली रेक सहाशे मीटरांहून लांब असते, आणि तिचा मागचा भाग फाटकावर अडकला होता. फाटकापलीकडे चार गावे. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, एसटी आगार, सगळे अलीकडे.

रेल्वे अधिनियम 1989 चे कलम 113 मला चांगले माहीत होते. प्रवासी गाडी घसरली, जीव गेला, कोणी गंभीर जखमी झाले किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान झाले, तर जवळच्या स्टेशन मास्तरने जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना बिनविलंब कळवायचे असते. आमच्याकडे यातले काहीच घडले नव्हते. म्हणजे या कलमाची माझ्यावर सक्ती नव्हती, आणि हेच मला आजही खटकते. अपघात मोठा की लहान, हे जीवितहानी आणि नुकसान पाहून ठरते. चार गावांची वाट बंद झाली, हे त्या मोजमापात येतच नाही. फाटक अर्ध्या तासापेक्षा जास्त अडणार असेल तर स्थानिक प्रशासनाला कळवणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

मी आधी पोलीस ठाण्याला फोन लावला. आम्ही जागा सांगतो ती किलोमीटरच्या खांबावरून. ठाणे अंमलदाराला तो आकडा काय उपयोगाचा? म्हणून रस्त्याचे आणि गावाचे नाव घेतले. मालगाडीची चार चाके उतरली आहेत, फाटक बंद आहे, कोणी जखमी नाही, गाडीत कोळसा आहे, तेल किंवा गॅस नाही. गाडीत काय भरले आहे ते पहिल्या दमातच सांगावे. तेलाच्या टाक्या असत्या तर पोलिसांना आधी लोकांना लांब हटवावे लागले असते, आणि अग्निशमन दलही बोलवावे लागले असते.

मग 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्ष. तिथून तहसीलदारांना निरोप गेला. प्रत्येक जण एकच विचारत होता, "किती वेळ लागेल?" मी वेळ दिली नाही. सकाळ होईल असे धरून चाला, दर तासाला मीच कळवतो, असे सांगितले. अंदाजाने वेळ सांगितली की लोक तिच्या भरवशावर गाड्या घेऊन फाटकाशी येऊन थांबतात.

रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी मात्र वेगळे विचारले, "मास्तर, पलीकडे रात्री कोणाला काही झालं तर?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी 108 ची एक गाडी लांबच्या पुलावरून पलीकडच्या उपकेंद्रात नेऊन उभी करवली.

सगळ्यात जास्त वेळ मी पोलीस पाटलांशी बोललो. "पाटील, गाडीखालून कोणालाही जाऊ देऊ नका. मागून इंजिन येणार आहे, गाडी कधीही हलेल." उभ्या मालगाडीखालून वाकून जाणे, कपलिंगवरून चढून उतरणे हे गावोगावी चालते. दुधाचे कॅन घेऊन माणसे जातात, दप्तरे पाठीला लावून मुले जातात. चाके घसरल्याने कोणाला खरचटले नव्हते, पण पहाटे या सवयीने कोणाचा तरी जीव गेला असता. पाटील स्वतः काठी घेऊन फाटकावर आले, अलीकडे ठाण्याचे दोन शिपाई उभे राहिले. आगारातून मुक्कामी गाडीच्या चालकालाही निरोप गेला होता. तो प्रवाशांना घेऊन पुलाकडून गेला.

पहाटे पलीकडे एका शेतमजुराला साप चावला. उपकेंद्रातली गाडी त्याला घेऊन थेट पुलावरून रुग्णालयात पोचली. फाटकापर्यंत येऊन परत फिरण्यात वेळ गेला नाही. तो माणूस वाचला.

आठच्या सुमारास दुसरे इंजिन आले. घसरलेल्या वाघिणीच्या मागून गाडी तोडून तो भाग मागच्या स्टेशनात ओढून नेला आणि फाटक मोकळे झाले. वाघीण जॅकने उचलून रुळावर घ्यायला दुपार झाली.

फाटक उघडताच मी सगळ्यांना पुन्हा फोन केले. ठाणे अंमलदार म्हणाले, "मास्तर, मोकळं झाल्याचा फोन पहिल्यांदाच आला. नाहीतर आमची माणसं उगाच उभी राहतात." हे सगळे फोन वेळेसह मी स्टेशन डायरीत लिहिले. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्याच आठवड्यात फाटकापलीकडच्या गावांची यादी करून घेतली. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, उपकेंद्र, आगार यांचे नंबर फोनशेजारी लावले, आणि पुलावरून जाणारा लांबचा रस्ता एकदा स्वतः मोटारसायकलवरून पाहून आलो.