मागच्या सीटचं सॉकेट

शिमग्याला गावी जाताना माणगावच्या अलीकडे गाडीत बीप वाजला. मला वाटलं कुणाचा तरी फोन. आईला वाटलं माझा फोन. तिसऱ्या बीपला बाबाच म्हणाले, "मशीन आहे रे."

मशीन म्हणजे पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. बाबांना सीओपीडी आहे. विडी सुटली, पण ती सुटेपर्यंत फुप्फुसांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मशीन त्यांच्याशेजारी मागच्या सीटवर, सॉकेट मात्र पुढे गिअरपाशी. त्या दोघांमध्ये हँडब्रेकवरून आलेली लोंबती वायर. कुठल्या तरी खड्ड्यात प्लग अर्धा सेंटिमीटर बाहेर आला होता आणि पनवेलपासून 'चार्ज होतंय' असं आम्ही समजत असलेलं मशीन किती तरी वेळ स्वतःच्या बॅटरीवर चाललं होतं. प्लग परत खुपसला, मशीन गप्प झालं. झालं एवढंच. पण त्यानंतर गावापर्यंत मी रस्त्यापेक्षा त्या प्लगकडेच जास्त बघत होतो, जे या रस्त्यावर अजिबात करू नये.

हा रस्ता पनवेलला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला संपतो. आधी एनएच 17, आता 66. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. मग डिग्री झाली, नोकरी लागली, आणि आमच्याकडे अजूनही गणपतीला निघताना "किती तास लागतील?" असं कुणी विचारत नाही. अपशकुन मानतात.

म्हणून गणपतीच्या आधी मागे वेगळं सॉकेट बसवायचं ठरलं. ठरवलं मी. मी सॉफ्टवेअरवाला. पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये काठावर पास. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, पण त्यांना या वयात, या दमात कशाला त्रास द्यायचा, असा माझा उदात्त विचार. मी व्हिडिओ पाहिले आणि जेवताना प्लॅन सांगितला: डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये एक रिकाम्यासारखं सर्किट आहे, त्यातून टॅप काढायचा, कार्पेटखालून एक बारीक वायर मागे न्यायची. अर्ध्या तासाचं काम.

बाबांनी घास गिळला. "दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायचं नाही. बॅटरीवरून स्वतंत्र लाइन. आणि बारीक म्हणजे किती?"

"एक एमएम."

"मशीन किती खातं?"

चार्जिंग आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम चालू असताना शंभरेक वॅट. बाबांनी ताटातच बोटाने भागाकार केला. बारा व्होल्टला शंभर वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या वर. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत फिरत फिरत पाच मीटर. एक एमएमच्या वायरीत वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास जातो, अडीच एमएममध्ये त्याच्या निम्माही नाही. घरात 230 मधला पाऊण व्होल्ट गेला तर कुणाला कळत नाही, बारातला गेला की कळतं. "आमच्या गाड्या चोवीस व्होल्टच्या होत्या. व्होल्ट अर्धे झाले की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट. म्हणजे वायर जाड. हे शिकवत नाहीत काय तुम्हाला?" शिकवलं होतं. व्ही बरोबर आय आर मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते कधी कुणाच्या नाकापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, मशीन मांडीवर. आधी बॅटरीचा मायनस काढायला लावला. मग वादाचा मुद्दा आला: फ्यूज कुठे? मी म्हटलं सॉकेटपाशी, मशीन वाचलं पाहिजे. ते म्हणाले, "फ्यूज मशीनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर वाटेत कुठे पत्र्याला घासली तर सॉकेटजवळचा फ्यूज काय करणार? बघत बसणार." तेव्हा पंधराचा निळा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसला. इंजिन आणि आपल्यामध्ये जो पत्रा असतो त्याला फायरवॉल म्हणतात. ऑफिसात हा शब्द मी दिवसातून दहादा वापरतो, पण हात घालून त्यातलं रबरी बूच शोधायची वेळ पहिल्यांदाच आली. तिथून वायर आत, दाराखालच्या पट्टीतून मागे. वाटेत पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा.

थिंबल दाबायची वेळ आली तेव्हा बाबांनी पकड मागितली. जॉइंट डाग देऊन करू म्हटलं, तर नाही. हादऱ्याने डाग दिलेल्या जागेच्या कडेलाच वायर तुटते, गाडीत दाबलेलाच जॉइंट टिकतो. त्यांनी दोन थिंबल दाबल्या. हात थरथरत होते, थिंबल नाही. मग वर चढवलेली स्लीव्ह आवळायला लायटर हवा होता, आणि तिथे सगळे थांबलो. ऑक्सिजन सुरू असताना जवळ ज्योत नको, हे डिस्चार्जच्या वेळी नर्सने तीनदा बजावलं होतं. बाबांनी नाकातली नळी काढली. "दोन मिनिटं."

"कपड्यांतही राहतो तो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर या माणसाने त्यांच्या कामाला कुणाला हात लावू दिला नव्हता. घरातला ट्यूबलाइटचा स्टार्टरही मी कधी बदलला नव्हता. मग त्यांनी नळी परत लावली, मी त्यांची खुर्ची लिफ्टपाशी नेऊन ठेवली, आणि ते तिथून ओरडून सांगत राहिले. "फिरव! एका जागी धरू नको! जाळशील!" एक मी जाळलीच. ती कापून पुन्हा करायला लावली. दर दोन वाक्यांनंतर त्यांना थांबावं लागत होतं आणि मी लायटर विझवून वाट बघत होतो.

सॉकेट बसलं. त्यावर छोटा व्होल्टमीटर आहे, आणि एक स्विच, कारण लाइन थेट बॅटरीवरून आहे. ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद केलं तरी मशीन चालावं, पण तासन्‌तास नाही, नाहीतर गाडी सुरू व्हायची नाही. बाबांनी अर्ध्या तासाची मर्यादा घातली आहे. प्लग निसटण्यावर उपाय मात्र मला नेटवर मिळाला नाही. मुळात हे भोक लायटरसाठी बनलं, तापला की लायटर आपोआप बाहेर उडावा म्हणून. घट्ट धरून ठेवणं त्याच्या स्वभावातच नाही. बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून प्लगवरून ताणून बांधली. मग सॉकेटकडे बघत म्हणाले, "सिगरेट पेटवायचं भोक. बघ माझी कशी जिरवली."

हसता हसता खोकले. खोकला थांबेपर्यंत मी व्होल्टमीटरकडे बघत होतो. 12.4. गाडी सुरू केली, 14.1.

"उरलेली वायर टाकू नको," ते म्हणाले. "दीड-दोन मीटर असेल."