शेला

या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे. नाव शेला. मुक्काम सुपरहिरोच्या खांद्यावर. उद्योग फडफडण्याचा, वारा नसला तरी अडत नाही. लोंढा जंक्शनवर बेळगावची, हुबळीची आणि कॅसलरॉकमार्गे गोव्याला जाणारी माणसं एकमेकांत मिसळतात. गाडीला वेळ असला की फलाटावरच्या बाकावर दोन-चार पोरं एकाच मोबाइलभोवती डोकी जुळवून बसतात. त्या वीतभर पडद्यावर हे गृहस्थ हमखास भेटतात. मालिकेचं नाव ‘द बॉइज’. लहान मुलांना जवळ घेऊन बघण्यासारखी ती नाही, एवढं आधीच सांगितलेलं बरं.

घराणं जुनं. 1938 साली अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याच्या पाठीवर हा शेला सोडला. कागदावरचं चित्र जागचं हलत नाही. मागे शेला उडता काढला की माणूस झेपावतोय असं वाटतं. चित्रकाराच्या गरजेतून जन्मलेल्या या कापडाला मात्र पुढे वाटू लागलं, की नायक उडतो तो आपल्याच जोरावर.

आपल्याकडे त्याची डाळ शिजली नाही, याचा त्याला अजून राग आहे. 1997 मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला. त्याच्या वेळेला गल्ल्या ओस पडायच्या. पण शक्तिमानच्या छातीवर सोनेरी चक्र होतं आणि पाठ मोकळी होती. तो स्वतःभोवती गरगर फिरत उडायचा; शेला असता तर गळ्याभोवतीच गुंडाळला गेला असता. त्याच्या मालिकेत चूक केलेली पोरं ‘सॉरी शक्तिमान’ म्हणून मोकळी व्हायची. आमच्या शेल्याला माफी हा शब्दच सोसत नाही.

‘द बॉइज’मध्ये त्याला मनाजोगा खांदा मिळाला. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या कॉमिक्सवरून एरिक क्रिपकी यांनी रचलेली ही मालिका 2019 मध्ये प्राइम व्हिडिओवर सुरू झाली. तिचा महानायक होमलँडर. त्याच्या दोन्ही खांद्यांवर सोनेरी गरुड आणि पाठीवर शेला होऊन लोंबणारा अमेरिकेचा झेंडा. मग तोरा काय विचारता! झेंडा पांघरलेल्या माणसाला जाब विचारणं म्हणजे झेंड्यालाच जाब विचारणं, हे शेल्याने गर्दीच्या मनावर पुरतं बिंबवून ठेवलंय.

स्वच्छतेचं त्याला विलक्षण वेड. धुणारी माणसं वॉट नावाच्या कंपनीची. वाऱ्याच्या वेगाने धावणारा ए-ट्रेन हा नायक पहिल्याच भागात रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मुलीच्या अंगातून आरपार जातो. तिचा हात तिच्या प्रियकराच्या, ह्युईच्या, हातात होता. हातात तेवढाच उरतो. कंपनी ह्युईपुढे 45,000 डॉलर आणि गप्प बसण्याचा कागद ठेवते. पुढे अपहरण झालेल्या विमानात होमलँडरच्याच डोळ्यांतल्या किरणांनी यंत्रणा जळते. सोबतची क्वीन मेव्ह निदान मुलांना तरी वाचवू म्हणून विनवते. साक्षीदार मागे राहतील म्हणून तो सगळ्यांनाच मरायला सोडतो. नंतर त्याच विमानाचे अवशेष वाहून आलेल्या किनाऱ्यावर उभं राहून तो भाषण करतो, आणि शेला मागे कडक इस्त्रीत फडफडत असतो.

कुळ विचारलं की तो बिथरतो. ही शक्ती देवाची देणगी, असं त्याचं म्हणणं. प्रवचनांतूनही तेच सांगितलं जातं. खरी गोष्ट अशी, की कंपनीने तान्ह्या बाळांना औषध टोचून हे नायक तयार केले. होमलँडर तर प्रयोगशाळेतच वाढला. आईच्या कुशीची ऊब न मिळालेला तो पोरगा जगाकडून सक्तीने माया वसूल करतो. त्याची कणव येते, आणि ती येत असतानाच त्याची भीती वाटते. शेला यातलं काही ऐकू येऊ देत नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र त्याचं मापच बदलतं. पुरुषाच्या अंगावर जो पोशाख लांबरुंद होत जातो, तोच बाईच्या अंगावर आखूड होत जातो. गावाकडून आलेली अ‍ॅनी, म्हणजे स्टारलाइट, लहानपणापासून होमलँडरच्या ज्या संघाची स्वप्नं बघत आली, तिथल्या पहिल्याच दिवशी डीप नावाचा नायक तिला सांगतो, की इथे टिकायचं तर माझं ऐकावं लागेल. तो तिच्यावर लैंगिक जबरदस्ती करतो. पाठोपाठ कंपनी तिच्यापुढे अंग उघडं टाकणारा नवा पोशाख ठेवते. घाल नाहीतर जा. अ‍ॅनी हजारो भाविकांपुढे उभी राहून झालेलं सगळं सांगून टाकते. कंपनी डीपला माफी मागायला लावून दूरच्या गावी पाठवते आणि तिच्या धीटपणाचाही बाजार मांडायला घेते. मेव्हचं एका स्त्रीवरचं प्रेम होमलँडर दूरचित्रवाणीवर परस्पर जाहीर करतो. लगेच त्याचीही जाहिरात तयार होते. बाईला मारणं, झाकणं आणि विकणं, ही तिन्ही कामं शेल्याला एकाच हाताने जमतात.

अमेरिकेचं हे खूळ, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर त्याच्या मराठी भाऊबंदांना भेटा. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. नाटकातला घाशीराम आपली पोर गौरी नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवालीचं शेलापागोटं मिळवतो. मग त्याच्या दहशतीने पुणं कापतं. गौरी मरते. लोक खवळल्यावर नाना कोतवालाला जमावाच्या तोंडी देतात आणि स्वतः उत्सव मांडतात. शेला उतरवला गेला, देणारा हात शाबूत राहिला. वॉट कंपनीचा कारभार याहून वेगळा नाही. डीपला परगावी धाडते ती तीच, आणि गरज पडली की परत बोलावते तीही तीच.

एका ठिकाणी मात्र हा शेला वर मान करून बघत नाही. ते ठिकाण आमच्याच बेळगाव जिल्ह्यात आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माने घेतलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला मान्य नव्हता. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कंपनीची फौज कित्तूरच्या किल्ल्यावर चालून आली, आणि त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन परतली, किल्ला पडला आणि राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं. तिथेच 1829 मध्ये ती गेली. अंगात दैवी शक्ती नव्हती, बातम्या रंगवणारं खातं नव्हतं. तिचा पोशाख कंपनीने बेतला नव्हता आणि तिचं तोंडही कंपनीला बंद करता आलं नाही. शेल्याची खरी अडचण अशा बाईपुढे होते. अ‍ॅनीपुढेही तीच झाली: तिसऱ्या हंगामात ती थेट प्रक्षेपणात होमलँडरचं खरं रूप सांगते आणि संघ सोडते. 

त्याच हंगामाच्या शेवटी शेल्याची आणखी एक खोड कळते, आणि ती सगळ्यांत भयंकर आहे. होमलँडर आपल्या मुलाला घेऊन समर्थकांपुढे येतो. विरोधातला एक जण मुलाच्या दिशेने काहीतरी भिरकावतो. होमलँडर त्याला भर गर्दीत डोळ्यांतल्या किरणांनी ठार करतो. क्षणभर सगळे गप्प. मग एक जण ओरडतो, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. इतके दिवस शेला चोरून धुवावा लागत होता. त्या दिवसापासून डागच दागिना झाला.

कापडाला दोष देऊन भागणार नाही. ते विणतं कुणी, धुतं कुणी, आणि टाळ्या कोण वाजवतं, हे बघावं लागेल. तिसरं काम आपल्या हातात आहे. तेव्हा गावात, पक्षात, संस्थेत कुणाच्याही खांद्यावर शेला घालायची वेळ आली, तर आधी एक चौकशी करा: या माणसाला जाब विचारायला गेलेली बाई त्याच्या दारातून सुखरूप परत येते का? येत नसेल, तर शेल्याची घडी मोडू नका.