पुठ्ठ्याची टॅक्सी, सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू

३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये आहात? मग संध्याकाळी सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू गाठाच! ग्रीनिच व्हिलेजची हॅलोविन परेड याच रस्त्याने जाते. मुखवटे आणि बाहुल्या घडवणाऱ्या राल्फ ली यांनी १९७४ मध्ये ती सुरू केली, घरच्या आणि शेजारपाजारच्या मुलांसाठी. नियम एकदम सोपा: सोंग घेतलंत तर परेडमध्ये चाला, नाहीतर बॅरिकेडमागून बघा.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला चालायचंच होतं. तेही पिवळी टॅक्सी होऊन! पुण्याहून जर्सी सिटीत येऊन तिला दोनच महिने झाले होते. वर्गात इंग्रजीतून अवाक्षर काढत नव्हती. दुकानात राजकन्या आणि स्पायडरमॅन ढिगाने, टॅक्सी नाहीच. मग काय, घरीच कारखाना! मोठ्या खोक्याचा तळ आणि झाकण कापलं, पिवळा रंग मारला, कागदी प्लेटची चाकं चिकटवली, खांद्यांवर जुन्या ओढणीचे पट्टे. माप मात्र जाड जॅकेटवरून घ्यायचं. तोवर तिकडे थंडी पडलेली असते, आणि जॅकेटखाली झाकलेलं सोंग कोण बघणार? हात मोकळे हवेत. खोकं गुडघ्याच्या वर हवं, म्हणजे पायऱ्या चढता येतात.

परेडमध्ये एका सांगाड्याने हात वर करून हाक मारली, ‘टॅक्सी!’ मी तिच्याकडे बघतोय, तोवर ही ठसक्यात म्हणाली, ‘व्हेअर टू?’ मग काय, चौकाचौकात गिऱ्हाइकं!

रेडिमेड राजकन्येचे फोटो निघतात. घरच्या टॅक्सीशी लोक बोलतात. जाणार असाल तर एक खोकं आत्ताच बाजूला ठेवा.