साठ पानांचा डाव

पत्त्यांच्या खेळाविषयी आपल्याकडे एक गोष्ट इतकी गृहीत असते की ती कोणी बोलून दाखवीत नाही. ती ही की, पत्ते सर्वांचे मिळून एकच असतात. झब्बू असो, लाडीस असो वा पाच-तीन-दोन असो. एकच कॅट पिसला जातो आणि त्यातूनच ज्याच्या त्याच्या वाट्यास बरेवाईट येते. सावंतवाडीच्या गंजिफांतही हाच न्याय. दशावतारी गंजिफांची पाने 120. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने. दिवसा रामाच्या राजाने उतारी करावयाची, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शा थोर, निम्म्यांत एक्का थोर. या बारकाव्यांनी नवशिक्याचे डोके फिरते खरे, परंतु आपणाजवळ कोणती पाने असावीत हा प्रश्न त्यास कधीच पडत नाही. पेटी घेतली की दहाही अवतार एकदमच घरी येतात. रामाचा राजा तेवढा निराळा काढून चढ्या किमतीस विकावा, अशी बुद्धी कोणा चिताऱ्यास झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या मुलुंडच्या घरात गेली दोन वर्षे जे पत्ते शिरले आहेत, त्यांचा न्याय नेमका उलटा आहे. पोकेमॉन हे त्यांचे नाव. यात प्रत्येक खेळाडू आपला साठ पानांचा कॅट स्वतः जुळवून आणतो व आपल्याच पानांनी खेळतो. पाने हजारो प्रकारची असून ती बंद पाकिटांतून विकतात. आत काय निघेल हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1993 साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ काढून या प्रकारास आरंभ केला, आणि 1996 साली जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले. कल्पना गणितज्ञाची म्हटल्यावर माझे कुतूहल थोडे जागे झाले. तथापि या विषयात मला लक्ष घालावे लागले ते कुतूहलामुळे नव्हे, तर घरातल्या तंट्यामुळे.

आमच्या घरी दोन नातू आहेत. थोरल्या चिरंजीवांच्या मुलास त्याच्या मामाकडून वरचेवर पाकिटे येतात, आणि त्याच्या डब्यात चकाकणारी पाने खच्चून भरलेली आहेत. धाकट्याची प्राप्ती बेताची. त्याच्या मुलास वाढदिवशी साठ पानांचा एक तयार कॅट मिळाला, तेवढीच त्याची इस्टेट. गेल्या दिवाळीच्या सुटीत या धाकट्याने आपल्या कॅटातील चार साधी पाने इमारतीतल्या एका मोठ्या मुलास दिली आणि त्या बदल्यात सोनेरी, झळझळीत असा एक चारिझार्ड आणला. दादापाशी आहे तसा आपणापाशीही असावा, याहून त्याची अधिक इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो डावामागून डाव हरू लागला. पुढे ते सोनेरी पान बनावट असल्याचे कळले, आणि मग जी रडारड झाली ती सांगावयास नको. धाकट्या सूनबाईंनी सर्व पत्ते कपाटात घालून कुलूप लावले. “मामंजी, हा निव्वळ जुगार आहे. माझ्या मुलास हे नको,” असे त्या मला म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. बंद पाकिटाचा व्यवहार जुगाराच्या फार जवळ जातो, हे मलाही मान्य आहे. परंतु पोराने दिलेली चार पाने कोणती होती, हे विचारल्यावर मात्र माझे मन निराळ्या दिशेने चालू लागले. दोन होती ‘प्रोफेसर्स रिसर्च’ आणि दोन ‘अल्ट्रा बॉल’. एकावर एका प्राध्यापकाचे चित्र, दुसऱ्यावर एक चेंडू. ना झळाळी, ना ज्वाळा. आणि त्याचा पराजय नेमका त्यांच्या अभावी झाला होता.

ज्या वडीलधाऱ्यांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आरंभी सात पाने हातात घ्यावयाची व सहा पाने बक्षीस म्हणून पालथी बाजूस ठेवावयाची. प्रतिपक्षाचा प्राणी पाडला की आपल्या बक्षिसांतले एक पान उचलावयाचे. काही बलाढ्य प्राणी पाडल्यास दोन मिळतात. साही बक्षिसे प्रथम उचलील तो जिंकला. प्रत्येक पाळीस गड्डीतून एकच पान मिळते. आता विचार करा, पाळीस एकच पान मिळत असता साठांतले आपणास हवे असलेले पान हाती केव्हा यावे? म्हणून या खेळात पाने आणून देणारी पाने असतात, आणि नवशिक्याचे खरे भांडवल तीच होत. प्रोफेसर्स रिसर्च खेळले की हातातील सर्व पाने टाकून नवी सात घेता येतात. अल्ट्रा बॉलसाठी हातातील दोन पाने टाकावी लागतात, पण गड्डीतला कोणताही प्राणी शोधून हाती घेता येतो. नेस्ट बॉल तर काहीच न मागता एखादा मूळ अवस्थेतला प्राणी थेट बाकावर आणून बसवितो. बॉसेस ऑर्डर्स हे पान प्रतिपक्षाच्या मागे लपलेल्या दुबळ्या प्राण्यास पुढे ओढून आणते. शेवटची दोन बक्षिसे पुष्कळदा याच्याच जोरावर मिळतात. प्रोफेसर आणि बॉस ही सहायकांची पाने असल्यामुळे पाळीस त्यांतले एकच खेळता येते; चेंडू मात्र लागतील तितके. जखम भरून काढणारे ‘पोशन’ मुलांस फार आवडते. माझ्या मते ते दयाळू पण निरुपयोगी पान आहे. जो प्राणी पुढच्या घावास पडावयाचाच आहे त्यास मलमपट्टी करून काय साधणार?

चारिझार्डची कथा याहून बोधप्रद आहे. बहुतेक चारिझार्ड हे तिसऱ्या अवस्थेचे प्राणी. प्रथम चार्मँडर मांडावा, मग त्यावर चार्मेलिऑन, आणि त्यानंतर चारिझार्ड. ‘रेअर कँडी’ नावाचे पान असल्यास मधली पायरी गाळता येते, पण पहिली नाही. चार्मँडरावाचून चारिझार्ड हाती असणे म्हणजे पाया न घालता कळस विकत आणण्यापैकी आहे. मोठा नातू पूर्वी हरत असे तो याच कारणाने. त्याच्या डब्यात मी अकरा चारिझार्ड मोजले. चार्मँडर होता एक!

एका नावाची चारांहून अधिक पाने कॅटात घालता येत नाहीत. मूळ ऊर्जेच्या पानांस तेवढे हे बंधन नाही. यावर मुले मला विचारीत, “आजोबा, चारही कशाला? एक पुरे की!” तेव्हा आम्ही पाटी घेऊन बसलो. साठांत एखादे पान एकच असेल तर पहिल्या सातांत ते येण्याचा संभव शंभरांत बारासुद्धा नाही. दोन असल्यास 22, आणि चार असल्यास 40. तीच गोष्ट मूळ प्राण्यांची. पहिल्या सातांत एकही मूळ प्राणी नसेल तर हात उघडा करून दाखवावा लागतो, पुन्हा पिसावे लागते, आणि प्रतिपक्षास एक पान अधिक घेण्याची मुभा मिळते. साठांत मूळ प्राणी चारच ठेवले तर शंभरांत 60 वेळा ही नामुष्की ओढवते. दहा ठेवले तर 26 वेळा, बारा ठेवले तर 19. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या लीलावतीत सहा रसांची मिश्रणे किती होतात हे विचारून 63 हे उत्तर काढावयास लाविले आहे. ज्यास ते गणित कळले त्यास हेही कळेल. शाळेत अपूर्णांकांपासून दूर पळणारा मोठा नातू या पाटीपाशी तासभर बसला, हे मी मुद्दाम त्याच्या आईच्या कानावर घातले.

या हिशेबाचा पैशाशी जो संबंध आहे तो सूनबाईंस पटविणे मला अधिक अगत्याचे वाटले. नवशिक्यास लागणारी पाने ही बहुधा स्वस्त पाने होत. महाग असते ती झळाळी. एका रविवारी धाकट्यास घेऊन मी घाटकोपरास उतरलो व मेट्रोने अंधेरीस एका दुकानी गेलो. तेथे सुटी पाने खोक्यांत भरून ठेवलेली होती. गेलेली चार पाने, शिवाय दोन नेस्ट बॉल आम्ही घेतले. एकेक पान एखाद्या वडापावाच्या मोलाचे. पाकीट एकही घेतले नाही. स्पर्धेत चालणारी पाने वर्षावर्षाने बदलतात, पानाच्या खालच्या कोपऱ्यातील लहानसे अक्षर पाहून ते ठरते. पण घरच्या ओटीवर खेळणाऱ्यास ती विवंचना नाही.

बनावट पानांविषयी मात्र सावध असावे. रस्त्यावर व खेळण्यांच्या दुकानांतून धातूसारखी सोनेरी, रुपेरी पाने पुडकेच्या पुडके मिळतात. ती बहुधा सर्वच खोटी. खऱ्या पानाची पाठ आणि संशयित पानाची पाठ शेजारी ठेवून निळा रंग ताडून पाहावा. शक्तीचे आकडे भलतेच फुगलेले असतात, अक्षरांत चुका असतात. एखादे पान फाटलेच तर खऱ्याच्या दोन थरांमध्ये काळसर पातळ पदर दिसतो.

सूनबाईंनी कुलूप काढले, परंतु आपली अट घालूनच. घरात असो वा इमारतीत, अदलाबदल करावयाची ती वहीत लिहून. एक रात्र मध्ये जाऊ द्यावयाची, आणि सकाळीही दोघांचे मत कायम असेल तरच पाने हलवावयाची. इमारतीतल्या त्या मोठ्या मुलाशी पुन्हा व्यवहार नाही. पाकिटांबद्दलचे त्यांचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असा आग्रह मीही धरला नाही. वहीतील पहिली नोंद मोठ्या नातवाच्या हातची आहे : “तीन चार्मँडर घेतले. दोन रेअर कँडी व एक बॉसेस ऑर्डर्स दिले.” खाली दोन्ही भावांच्या सह्या असून, साक्षीदार म्हणून दोन्ही सूनबाईंनी सही केली आहे.