विषाणूची पत्रिका

भविष्य सांगणाऱ्यांविषयीं आमच्या मनांत फारसा आदर नाहीं. भाकीत खरें ठरलें तर तो विद्येचा प्रताप आणि खोटें ठरलें तर जन्मवेळेची चूक! जिला चुकण्याची सोयच नाहीं, त्या विद्येवर विश्वास तरी कसा ठेवावा? परंतु भविष्य सांगण्याची एक निराळी रीतहि आहे, आणि ती आम्हांस मनापासून आवडते.

इ. स. २०२० च्या जानेवारींत नव्या करोना-विषाणूची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. ती सुमारें तीस हजार अक्षरांची होती. मार्च महिन्यांतच, कॅलिफोर्नियांतील ला होया येथील एका संशोधनसंस्थेंतल्या आल्बा ग्रिफोनी, अलेस्सांद्रो सेत्ते व त्यांचे सहकारी यांनीं, शरीराची संरक्षक सेना या विषाणूच्या कोणकोणत्या भागांवर चालून जाईल, याची यादी छापून टाकली.

हें गणित असें. विषाणु आंत शिरला म्हणजे पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते एचएलए नांवाच्या रेणूंच्या खोबणींत बसवून बाहेर मांडतात. ते पाहून टी-पेशी शत्रूस ओळखतात. मात्र प्रत्येक तुकडा प्रत्येक खोबणींत बसत नाहीं, आणि खोबण्याहि माणसागणिक निराळ्या! विषाणूच्या काटेरी प्रथिनांत १२७३ अमिनो आम्लें असतात. ओळीनें नऊ-नऊ आम्लांचे तुकडे घेतले तर ते १२६५ होतात. इतकीं स्थळें एकेका खोबणीशीं ताडून गुण मोजण्याचें काम संगणक करतो.

गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होतोच असें नाहीं, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. या गणकांनाहि तें ठाऊक होतें. म्हणून भाकिताच्या आधारें निवडलेले तुकडे त्यांनीं रोगांतून उठलेल्या वीस जणांच्या रक्तावर घालून पाहिले. साहाय्यक टी-पेशी वीसहि जणांत जाग्या झाल्या, मारक टी-पेशी सुमारें सत्तर टक्क्यांत. हा निकाल त्याच वर्षाच्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. निकाल उलटा लागता तर तोहि असाच जगासमोर येता. भाकीत आणि भविष्य यांतील अंतर आम्हांस येथें दिसतें.

पण इतक्या लवकर हें साधलें कसें? सार्सची २००३ मधील साथ ओसरली, लोक तिला विसरले. टिपणें मात्र राहिलीं. तिचा विषाणु या नव्याचा जवळचा नातलग. त्याच्यावरील प्रयोग ‘इम्यून एपिटोप डेटाबेस’ या सर्वांस खुल्या असलेल्या संग्रहांत नोंदलेले होते, आणि त्यांवरूनच नव्याचा अंदाज बांधतां आला. जेथें नोंदी पुष्कळ तेथें भाकीत भरंवशाचें, जेथें थोड्या तेथें लंगडें. युरोपीय वंशाच्या लोकांतील खोबण्यांविषयीं या विद्येजवळ पुष्कळ माहिती आहे. आपल्याकडील लोकांविषयीं ती त्या मानानें तुटपुंजी आहे. उद्यां एखादी नवी साथ आली तर ही उणीव आपल्यालाच भोवेल, संगणकाला नव्हे.

नोंद ठेवण्याची हौस आपल्याला नाहीं, असें कोण म्हणेल? घरोघरीं मुलांच्या जन्माची वेळ घटकापळांसह लिहून ठेवलेली सांपडते. त्याच मुलांना कोणते आजार कधीं झाले, हें मात्र आजीला विचारावें लागतें.