जोशी, शरद

एका ग्रंथालयाच्या यादीत ‘जोशी, शरद’ या नोंदीखाली दोन पुस्तकं पाठोपाठ आली होती: ‘अंगारमळा’ आणि ‘जीप पर सवार इल्लियाँ’. यादी करणाऱ्याने लेखक एकच धरला असणार. एक मराठी, एक हिंदी. असतात की दोन्ही भाषांत लिहिणारे! आणि पुस्तकं उघडून पाहिली तरी ही समजूत सहजी मोडत नाही. शेत दोन्हीकडे आहे, सरकार दोन्हीकडे आहे, आणि शेत कोण खातं याबद्दल दोघांचं मत फारसं वेगळं नाही.

‘अंगारमळा’वाले साताऱ्याचे, जन्म १९३५. टपाल खात्यातली अधिकाराची नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकरी संघटना उभी केली. ‘इल्लियाँ’वाले उज्जैनचे, जन्म १९३१. यांनीही मध्य प्रदेशातली सरकारी नोकरी सोडली, पण जमीन न घेता टाक घेतला. ‘छोटी सी बात’ आणि ‘उत्सव’चे संवाद त्यांचे, ‘नवभारत टाइम्स’मधलं रोजचं ‘प्रतिदिन’ सदर त्यांचं. कविसंमेलनात ते गद्य वाचायचे. कवींच्या गर्दीत उभं राहून हातातल्या कागदावरून साधं गद्य वाचायचं आणि लोकांनी ते टाळ्या वाजवत ऐकायचं, हे मला आजही अचाट वाटतं. आपल्याकडच्या गळेकाढू मंचीय कवींना एकदा त्यांच्यानंतर उभं करायला हवं होतं. १९९० साली एका शरद जोशींना पद्मश्री मिळाली आणि दुसरे दिल्लीत कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले, कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जाचे. त्या वर्षी अभिनंदनाची किती पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली असतील!

‘इल्लियाँ’ म्हणजे अळ्या. हरभऱ्यावर अळी पडल्याची ओरड होते, म्हणून कृषी खात्याचे साहेब जीप काढून पाहणीला निघतात. लेखक बरोबर. वाटेत शेतं लागतात, कोवळा हरभरा दिसतो, साहेबांच्या तोंडाला पाणी सुटतं. खाणं होतं, जीपमध्ये हरभरा भरणंही होतं. परतताना लेखकाला वाटतं, अळ्या शेतात नाहीत, जीपमध्ये बसल्यात. बस, एवढंच. पण हे वाचताना मला निफाडकडचं आजोळ आठवतं, आणि मग पुस्तक बाजूलाच राहतं.

घाटेअळी ज्याने पाहिली नाही त्याला त्या लेखाची निम्मीच चव कळेल. ती घाट्याला गोल भोक पाडते आणि फक्त तोंड आत घालते. धड बाहेर, आरामात, खिडकीत वाकून उभं राहिल्यासारखं. रंग घाट्याचाच, त्यामुळे आधी भोक दिसतं आणि मग ती. सकाळी हरभऱ्यात शिरलं की पोटऱ्या ओल्या व्हायच्या आणि चुरचुरायच्या. ते नुसतं दव नव्हे, आंब. आजी रात्री पिकावर जुनं धोतर अंथरून ठेवायची आणि पहाटे ते बाटलीत पिळायची, पोटदुखीवर थेंबभर. या असल्या आंबट पिकातही अळी कशी रमते, हे तिला कधी पटलं नाही.

मामा संघटनेचा. छातीला लाल बिल्ला. १९८०च्या ऊस-कांदा आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला. उलटी पट्टी त्याने स्वतः पाहिली होती: माल बाजारात पाठवावा आणि आडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता शेतकऱ्याकडेच पैसे निघावेत. साहेबांच्या काकडीचीही उलटी पट्टी आली होती, हे तो अभिमानाने सांगे. साहेब म्हणजे अर्थात शरद जोशी.

मग १९८४ साली टीव्हीवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. शफी इनामदार, स्वरूप संपत, आणि दर भागात नवाच कुणीतरी होऊन येणारा सतीश शाह. लेखक शरद जोशी. मामाने ते नाव वाचलं आणि पुढचे कितीतरी आठवडे तालुक्याच्या एका नातेवाइकाच्या घरी तो ठिय्या देऊन बसला. दिवसा रास्ता रोको आणि रात्री साहेब हे लिहितात, यात त्याला काही विपरीत वाटलं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात भाजीच्या भावाचा विषय निघाला की तो इतरांकडे सूचक पाहायचा. हे जोशी वेगळे, असं त्याला आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ‘जोशी कुठंही असतील, पण शरद जोशी दोन असतील होय?’ यावर काय बोलणार! पुढे एका सुट्टीत मी त्याला तो अळ्यांचा लेख मराठीत करून सांगितला. खळ्यावर बसून त्याने सगळा ऐकला, मध्ये दोनदा मांडीवर थाप मारली.

‘हे साहेबांचंच. दुसऱ्याला हरभऱ्यातलं इतकं कळायचं नाही.’

‘मामा, हे उज्जैनचे. हिंदीत लिहिणारे.’

तो थोडा गप्प बसला. ‘शेवटी अळी गेली म्हणतोस?’

‘जीपमध्ये बसून गेली.’

‘गेली ना? मग असतील उज्जैनचे. आपल्याकडची मुक्कामाला राहते.’